तेवीस दिवसांचं पाणी

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता पाणी २१.४ अंश. प्रवाह दक्षिणेकडे, मिनिटाला नऊ गाठी. मोजणीच्या वहीत एवढं लिहिलं की माझं काम संपतं. शेऱ्यासाठी तिथे दोन बोटं जागा असते आणि बाबांची शिस्त अशी, की त्या दोन बोटांत 'आकाश ढगाळ' याच्या पुढे बडबड करायची नाही. आज मला बडबड करायची आहे, म्हणून दुकानातली एक कोरी वही घरी आणली.

समुद्रसंस्थेचं पत्र आलं. ते सगळ्या किनाऱ्याचा नकाशा करताहेत: पाणी कुठे किती गरम, कुठे किती खारट, कुठून कुठे वाहतं आणि पन्नास वर्षांत त्यात काय बदललं. आता त्यांची यंत्रं समुद्रात तरंगत राहतात आणि आपली आपण आकडे पाठवतात म्हणे. पण ती आली अलीकडे. त्याआधीचं सांगायला माणसंच लागतात, आणि एकाच जागी, एकाच वेळी, सत्तेचाळीस वर्षं रोज मोजलेलं आमच्या धक्क्याखेरीज सबंध किनाऱ्यावर कुठेच नाही. मूळ वह्या पाहायला मिळतील का, असं विचारलंय. खाली एका बाईंची सही.

मी पत्र तीनदा वाचलं. बायकोने एकदा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आता माळा काढावा लागणार." आईने हातातही घेतलं नाही. मी मजकूर सांगितला तर म्हणाली, "सगळ्याच्या सगळ्या वह्या? सगळ्या कशाला हव्यात त्यांना?" आणि आत निघून गेली. तिचं आणि त्या मोजणीच्या बादलीचं कधी जमलंच नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस माळ्यावर. शिंका येऊन येऊन नाकाचा भोपळा झालाय. वह्या मात्र सगळ्या सापडल्या, सत्तेचाळीस, एकीलाही वाळवी नाही.

बाबा बंदर कचेरीत कारकून होते. संस्थेने त्यांना थर्मामीटर, गाठी मारलेली दोरी आणि बाटल्यांची पेटी देऊन मोजणीला नेमलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तेव्हापासून रोज सकाळी सातला धक्क्याच्या टोकाला जायचं, बादलीने पाणी काढायचं, थर्मामीटर बुडवून तीन मिनिटं थांबायचं आणि आकडा लिहायचा. मग दोरीला बांधलेला लाकडी ठोकळा पाण्यात सोडायचा आणि मिनिटभरात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. दर शनिवारी एक बाटली भरायची. तिच्यातलं मीठ संस्थेत मोजतात. बाहेरच्या खोलीत त्यांना मिळालेली ढाल आहे: 'सोळा हजार दिवस, एकही खाडा नाही.' तीन वर्षांपूर्वी ते गेले त्या दिवशीही सकाळचं मोजून आले होते. दुसऱ्या दिवशी सातला मी गेलो.

लोकांना वाटतं, मुलगा बापाचं काम पुढे चालवतोय. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी न जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

वह्या ज्या ट्रंकेत होत्या तिच्या तळाशी घरचे जुने कागद होते. त्यांत इस्पितळाचा एक कागद, बाबांच्या नावाचा. कावीळ. चार एप्रिलला दुपारी दाखल, सत्तावीस एप्रिलला संध्याकाळी घरी सोडलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा आठ महिन्यांचा.

त्या वर्षीची वही काढली. पाच एप्रिलपासून सत्तावीस एप्रिलपर्यंत तेवीस दिवस. एकही रकाना रिकामा नाही. तापमान भरलेलं, गाठी भरलेल्या, चारही शनिवारांपुढे 'बाटली भरली'. अक्षर बाबांचं. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या खाटेवर पडून समुद्राचं तापमान कसं मोजलं?

मी धंद्याने वजनकाटे दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या काट्यांतली खोट काढतो आणि वर चार शब्द सुनावतोही. वही मिटली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली.

रविवार, ८ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. तिने कागद पाहिला, वही पाहिली, आणि म्हणाली, "अहो, आईंना विचारा ना."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? एकोणसत्तर वर्षांची बाई. नवऱ्याने सोळा हजार दिवसांत एक खाडा केला नाही, या एका गोष्टीवर तिचं म्हातारपण चाललंय. तिला सांगू, की तुझ्या नवऱ्याने आकडे मनाने भरले?"

"त्यांचं म्हातारपण कशावर चाललंय ते तुम्हाला काय ठाऊक?" ती म्हणाली.

बायकांना प्रत्येक गोष्ट बोलून मोकळं व्हायचं असतं. हे मी माझ्याजवळच ठेवणार. आईच्या कानावर यातला शब्दही जाऊ द्यायचा नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

संस्थेच्या बाई स्वतः आल्या. आमच्या घरात त्यांचं नाव आता 'नकाशेवाली' पडलंय. तिशीतली, उन्हाने रापलेली, सरळ बोलणारी. वह्या हाताळताना तिने आधी हात धुतले, तेव्हाच मला ती आवडली होती.

चहा घेताना सांगत होती, पलीकडच्या एका बंदरातही अशीच जुनी मोजणी होती. तपासली तर निम्मे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे. तो माणूस घरी बसून लिहायचा. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाली, "सगळी वगळली. बावीस वर्षं. काका, एक महिना रचलेला निघाला तर बाकीच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, दमली असेल.

मी सेहेचाळीस वह्या दिल्या. एक सापडत नाही म्हटलं. असं मी म्हटलं, आणि वर ढालीखाली बसून म्हटलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आठवडाभर ती वही दुकानात नेतोय. गिऱ्हाईक आलं की काट्याखाली सरकवतो. शून्य-पाचाची परीक्षा करून पाहिली. त्यात बाबा उतरले. आकडे कसेही संपतात. क्षणभर बरं वाटलं.

मग आलेख काढला. चार एप्रिलपर्यंत पाणी एका रेषेत. पाच तारखेला एकदम सहा-सात दशांश वर. तेवीसही दिवस वरच. अठ्ठावीसला, म्हणजे बाबा घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा खाली. गाठींचा रकाना तर याहून वाईट. एरवी सात, अकरा, पाच. आणि या दिवसांत 'हलत नाही', 'हलत नाही', 'जेमतेम एक'. इतका कंटाळा केला बाबांनी? मनाने लिहायचं तर निदान जरा मन लावून लिहायचं होतं.

इतकी वर्षं या माणसाला मी घाबरत होतो. बादली वाकडी धरली म्हणून एकदा अख्खा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मला राग आलाय, आणि तो आता कोणावर काढणार?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी निघताना आई म्हणाली, "पहिली बादली ओतून देत जा रे. पहिल्या पाण्याला बादलीचीच ऊब असते. दुसरी भरावी आणि मोजावी." आणि वर, "वारा असला की अंगाचा आडोसा कर, नाहीतर पारा खाली येतो वाचता वाचता."

बाबांनी तिला किती गोष्टी सांगितल्या होत्या! संसार असावा तर असा. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला अगदी भरून आलं. या बाईला मी काय म्हणून दुखवणार?

बायकोला हे सांगितलं, तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "तुम्ही काटे कसे दुरुस्त करता हो?"

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भूक नाही. आईने विचारलं, "तुझं आणि हिचं काही बिनसलंय का?" नाही म्हटलं. "दुकानात काही?" नाही म्हटलं. मग म्हणाली, "ती वही सापडली का रे?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "नसेल सापडत तर राहू दे. एका वहीने समुद्र आटत नाही."

माझी माय. माझी समजूत घालत होती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

बाटली भरायला धक्क्यावर गेलो. बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बूच घट्ट लावायचं, चिठ्ठीवर तारीख घालायची. चिठ्ठीवर सही करताना पेन अडलं. एक वही लपवणारा माणूस कशावर सही करतोय?

दुकानात जाऊन नकाशेवालीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वही सापडली आहे, मुद्दाम दिली नव्हती, बाबा तेव्हा इस्पितळात होते, आकडे खोटे असावेत. मग तिने विचारलं, "त्या चार शनिवारी बाटली भरली असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"बाटल्या आमच्याकडे पोचल्या होत्या का?"

हा प्रश्न मला पंधरा दिवसांत सुचला नव्हता. ती म्हणाली, "जुन्या प्रयोगशाळेच्या नोंदी तळघरात आहेत. बघते. वही आजच्या आज पाठवा."

पाठवली. आता काय व्हायचं ते होवो. छाती मोकळी झाली खरी, पण बाबांना मीच चव्हाट्यावर आणलं. बायको म्हणाली, "बरं केलंत." आणि मग, "आता तरी आईंना विचारा." मी विषय बदलला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

फोन नाही. चार दिवस पाणी २१.९ वर अडकून बसलंय. मीही.

आईने ढाल काढून पुसली. कधी पुसत नाही. पुसून झाल्यावर कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून घाईने खिळ्याला लावली. जरा तिरकीच लागली आहे.

रविवार, १ मार्च

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे.

अकराच्या सुमारास नकाशेवाली आली. वही आणि एक जाड फाइल घेऊन. मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, आईला आतच ठेव. बायको जागची हलली नाही.

नकाशेवाली म्हणाली, "काका, चारही बाटल्या आल्या होत्या. मीठही मोजलं होतं. तुमच्या धक्क्यावर हजार भाग पाण्यात चौतीस-साडेचौतीस भाग मीठ असतं. या चार बाटल्यांत तीस, एकतीस. आकडे मनाने लिहिता येतात, पाणी मनाने भरता येत नाही. कोणीतरी समुद्रावर जाऊन ते भरलंय."

मी म्हटलं, "पण इतकं कमी खारट?"

"म्हणूनच तर आले. पाणी जरा गरम, जरा अळणी, आणि ठोकळा हलत नाही. तिन्ही गोष्टी एकदम कुठे मिळतील? काल मी तुमच्या धक्क्यावर जाऊन आले. बाहेरच्या अंगाला टोकाच्या पायऱ्या, तिथे तुम्ही मोजता. आतल्या अंगाला होड्या लागतात, तिथेही पायऱ्या आहेत. पाणी उथळ, अडलेलं. आणि कोपऱ्यात ओढा येऊन मिळतो. ते तेवीस दिवस कोणीतरी रोज त्या आतल्या पायऱ्यांवरून मोजलंय. खरंखुरं, आणि अतिशय काळजीने. फक्त जागा चुकली."

मी बसल्या जागी डोळे मिटून घेतले. रचलेलं नाही. बाबांनी रचलेलं नाही. तीन आठवडे छातीवर ठेवलेलं वजन कोणीतरी उचललं असं वाटलं.

तिने फाइल उघडली. "आणखी एक. तुमच्या वडिलांचं पत्र आहे यात, त्याच वर्षीचं. सहा पानी. 'एप्रिलात आमच्या बंदरात कोठून तरी ऊबदार, कमी खारट पाण्याचा लोंढा आला असावा, त्याचा शोध घ्यावा.' खोटे आकडे लिहिणारा माणूस त्याच आकड्यांवर सहा पानं खर्च करील का? त्यांना स्वतःलाच कोडं पडलं होतं. आता सांगा, त्यांच्याऐवजी कोण जात असेल?"

मी डोकं खाजवून आठवायला लागलो. बंदरावरचा पहारेकरी असेल. कचेरीतला एखादा जोडीदार असेल. बाबांचा एक मासेमारीवाला दोस्त होता, पण त्याला लिहिता येत नसे. शेजारचे मास्तर? मी एकेक नाव घेत होतो आणि बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"आई," ती आत तोंड करून म्हणाली, "जरा बाहेर या हो. यांना काही सुचायचं नाही."

आई बाहेर आली. पदराला हात पुसत उभी राहिली आणि नकाशेवालीकडे पाहून म्हणाली, "मी जात होते."

मी तर तोंड उघडून बसलो होतो.

"नियमच होता तसा," आई म्हणाली. "नेमलेल्या माणसानेच मोजायचं. दुसऱ्याचा हात लागला तर थर्मामीटर काढून नेत. हे इस्पितळात पडलेले, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि रडताहेत कशासाठी, तर मोजणी बुडणार म्हणून. मी म्हटलं, बुडत नाही, मी बघते. रोज चिठ्ठीवर लिहून ठेवलं. घरी आल्यावर त्यांनी वहीत उतरवून घेतलं."

"आतल्या पायऱ्यांवरून का, आजी?" नकाशेवालीने विचारलं.

"मग काय करणार? हा कडेवर." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आठ महिन्यांचा, पण वजन दोन वर्षांच्या पोराचं. घरात ठेवायला कोणी नाही. बाहेरच्या पायऱ्यांना तेव्हा कठडाही नव्हता, शेवाळ नुसतं. एका हातात हा धोंडा आणि एका हातात बादली. पहिल्या दिवशी चार पायऱ्या उतरले आणि मागे फिरले. म्हटलं, समुद्र तो समुद्र. इकडचा काय आणि तिकडचा काय."

नकाशेवाली हसली. आई हसली नाही. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि एकदम म्हातारी दिसायला लागली.

"यांना हे कधीच सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "मोजलं एवढं सांगितलं, कुठून ते नाही. मग ते जेवताना बोलायला लागले, त्या महिन्यात गरम पाणी आलं कुठून. पत्रं लिहिली. नकाशे काढले. इतक्या आनंदात होते, की काही नवंच सापडलंय. मी वाढत राहायचे. आज सांगू, उद्या सांगू. एक वर्ष गेलं, दहा वर्षं गेली. मग सांगण्यासारखं राहिलंच नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, एक महिना बिघडला की सगळं वगळतो? तेव्हापासून जेवण जात नाही मला. म्हटलं, त्यांची चाळीस वर्षं मी घालवली."

मी उठलो आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. मी तिच्यापासून लपवत होतो, ती माझ्यापासून लपवत होती, आणि दोघंही एकाच टेबलावर बसून भूक नाही म्हणत होतो. मला हसूही येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम केलं.

नकाशेवालीने आईचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, बिघडलं काहीच नाही. तुम्ही इतकं नीट मोजलंय, की पंचेचाळीस वर्षांनी तुमची पायरीसुद्धा सापडली. आणि आतल्या पाण्याची त्या काळची नोंद दुसऱ्या कोणाकडेच नाही. हे माझ्या कामाचं आहे. फार कामाचं आहे."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, खरं बोलते की समजूत घालते ते पारखत. मग म्हणाली, "जेवून जा."

तिघी मिळून पोटभर जेवल्या. मी दोनदा ताट वाढून घेतलं.

सोमवार, २ मार्च

पाणी २२.०. आईने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी आज केल्या: पहिली बादली ओतली, अंगाचा आडोसा केला. बाबांनी तिला शिकवलं म्हणून मी गहिवरलो होतो. आता आठवतं, बाबा स्वतः पहिल्याच बादलीत मोजायचे.

संध्याकाळी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

सोमवार, ६ एप्रिल

कालपासून दोन बादल्या. नकाशेवालीला आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच वेळी मोजून हवंय, त्याच तेवीस तारखांना, म्हणजे दोन्हींतला फरक ठरवता येईल. मी बाहेर, बायको आत. कोणती पायरी ते दाखवायला काल आई आली होती. कित्येक वर्षांनी धक्क्यावर आली. काठी टेकत, कुरकुरत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. खालून तिसऱ्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "इथे. याला या डाव्या कडेवर घ्यायचे आणि उजव्या हाताने बादली सोडायचे."

आत २४.८, बाहेर २४.१. खाऱ्या वाऱ्यात आम्ही तिघं उभे राहून सात दशांशांकडे पाहत होतो. मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा आई म्हणाली, "तेव्हाही एवढंच असणार." आणि सुनेला म्हणाली, "बादली सरळ धर गं." बाबांचाच आवाज.

मंगळवार, २८ एप्रिल

तेवीस दिवस पुरे. फरक सरासरी सात दशांश. ठोकळा आत हलत नाही. बायकोला आता ठोकळ्याची चीड आलीय, म्हणते, "रोज पाण्यात सोडायचा आणि रोज तो माझ्याकडे बघत बसतो."

रविवार, ३ मे

नकाशाचा कच्चा छाप आला. निळ्यापासून नारिंगीपर्यंत रंग, प्रवाहांचे बाण, आणि मोजणी केंद्रांचे ठिपके. आमच्या गावाला दोन ठिपके आहेत, एकमेकांना चिकटून. सोबत कोणी किती दिवस मोजलं त्याचा तक्ता. बाहेरच्या केंद्रापुढे बाबा, आणि त्यांच्या एकूण दिवसांतून तेवीस वजा. खाली माझे दिवस. आतल्या केंद्रापुढे आई: तेवीस दिवस. तिच्याखाली बायको: तेवीस दिवस.

आईने चष्मा लावून तक्ता वाचला. बोट ठेवून ठेवून. स्वतःच्या ओळीवर थांबली, मग वर बाबांच्या ओळीवर गेली.

"म्हणजे त्यांचा खाडा पडला," ती म्हणाली.

ही गोष्ट माझ्या ध्यानात आलीच नव्हती. मी म्हटलं, "आई, तुला वाईट वाटत असेल तर मी नकाशेवालीशी बोलतो. तेवीस दिवस त्यांच्या खाती राहू दे म्हणून."

"काही बोलायचं नाही," आई म्हणाली. "ज्याने मोजलं त्याचं ते." तिने चष्मा काढला. डोळे पुसले, पण चेहरा हसरा होता. "माणूस मरता मरता वाचला होता रे. तेवीस दिवस अंथरुणात होता, आणि आयुष्यभर लोकांना सांगत राहिला की मी नव्हतो. बरं झालं लिहिलंत. आजारी माणसाने आजारी असावं की."

ढालीकडे मी पाहिलं. अजून तिरकीच आहे. कोणीच सरळ केलेली नाही.

मंगळवार, १२ मे

रात्रीपासून ताप. अंगात शंभराच्या वर. सहाला उठून चपला शोधायला लागलो तर बायकोने त्या आधीच उचलून ठेवलेल्या. "पडून राहा," म्हणाली, आणि दोन बादल्यांतली मोठी घेऊन निघाली. मी तोंडाने नको नको म्हणत होतो, पण आतून इतकं बरं वाटलं, की लाज वाटली.

पावणेआठला परत आली. वारा आहे, पाणी चढलंय, बाहेरच्या शेवटच्या तीन पायऱ्या ओल्या आहेत, असं सगळं सांगत वही घेऊन माझ्या खाटेशी बसली. पेन उघडलं आणि तापमानाच्या रकान्यात लिहायला वाकली.

"थांब," आई दारातून म्हणाली. "आधी कोणी मोजलं ते लिही गं. पाणी किती होतं ते मग."

शेऱ्याच्या दोन बोटांत बायकोने स्वतःचं नाव लिहिलं, जरा मोठ्याच अक्षरात, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो.